वहिनींचे हात आणि ग्लिसरीन

लग्नाआधी चार वर्षं मी महाडच्या औद्योगिक वसाहतीत एका कारखान्यात कामाला होते. रसायनशास्त्र घेऊन बी.एस्सी. झाले होते आणि माहेर तिथून सायकलच्या अंतरावर होतं. कारखान्यात टूथपेस्ट, हातापायाला लावायची क्रीमं, दाढीचा फेस आणि लहान मुलांचं लोशन बनायचं. माझं काम वजनं करण्याचं आणि नमुने तपासण्याचं. सकाळी पहिल्यांदा ग्लिसरीनचं पिंप उघडायचे, मग सॉर्बिटॉलचं. दोन्ही साखरेच्या पाकासारखी दाट, बिनवासाची, जिभेला लावली तर गोडसर. प्रत्येक मालात ह्यांपैकी एक तरी असायचंच.

प्रयोगशाळेतल्या साहेबांनी, निवृत्तीला आलेले गृहस्थ होते, मला पहिल्याच पावसाळ्यात काचेच्या बशीत थोडं ग्लिसरीन उघडं ठेवायला लावलं आणि दुसऱ्या दिवशी वजन करायला सांगितलं. वजन वाढलं होतं. मी चूक झाली समजून पुन्हा केलं, तरी तेच. साहेब म्हणाले, "ह्याच्याकडे स्वतःचं पाणी काही नसतं. जिथून मिळेल तिथून घेतं आणि धरून ठेवतं. हवेत मिळालं तर हवेतून, नाही मिळालं तर ज्या कातडीवर लावलंय तिच्यातून." तेव्हा मी ते वहीत लिहून घेतलं होतं. परीक्षेच्या अभ्यासासारखं.

त्यानंतर जिकडे तिकडे मला तेच दिसायला लागलं. टूथपेस्टचं टोपण रात्रभर उघडं राहिलं तरी तोंडाशी खडू होत नाही, ते सॉर्बिटॉलमुळे. हापिसातला शिक्क्याचा पॅड महिनोन्‌महिने ओला राहतो, खोकल्याचं औषध घशाला मऊ लागतं, बेकरीतला केक आठवडाभर कोरडा पडत नाही, लग्नात वाटतात ती गोड सुपारी पाकिटात चिकटसर राहते, सगळं त्याचंच काम. घरी आई पावसाळ्यात मिठाच्या बरणीत तांदळाचे दाणे टाकायची, कारण मीठही हवेतलं पाणी ओढून पाझरतं. आईला त्याचं नाव माहीत नव्हतं, उपाय माहीत होता.

मग माझं लग्न झालं आणि मी बोर्लीला सासरी आले. सासूबाई आधीच गेल्या होत्या. घरात माझा नवरा, आणि घर चालवणाऱ्या मोठ्या जाऊबाई. नवरा त्यांना वहिनी म्हणायचा म्हणून मीही वहिनीच म्हणू लागले. दीर मुंबईला कंपनीत होते, शिमग्याला आणि गणपतीला यायचे. वहिनींचा मुलगा तेव्हा शाळा संपवून पनवेलकडे नोकरीला लागला होता. त्यामुळे दिवसभर घरात आम्ही दोघीच.

वहिनी सुपारी सोलायच्या. आमच्या भागात सुपारीच्या वाड्या आहेत. सुपारी उतरवली की महिना-दीड महिना उन्हात वाळवतात आणि मग सोलायला बायका बसतात. पाटाला बसवलेल्या लोखंडी पात्यावर सुपारी दाबायची, अंगठ्याने साल मागे ओढायची, आतलं फळ टोपलीत टाकायचं. वाळलेली साल तंतूतंतूंची असते. ती हाताला कापत नाही, घासत राहते, आणि हातात जो काही ओलेपणा असेल तो पिऊन घेते. वहिनी वयाच्या पंधराव्या-सोळाव्या वर्षापासून हेच करत होत्या. त्यांचे तळवे तपकिरी पडले होते, अंगठ्यांना उभ्या भेगा होत्या. भेगांत त्या मेण वितळवून भरायच्या आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा पाटावर बसायच्या.

मला मुलगी झाली तेव्हा बाळंतपण वहिनींनी केलं. माहेरी आई आजारी होती, म्हणून मी सासरीच राहिले. रोज सकाळी वहिनी पाय पसरून बसायच्या, बाळाला पायावर घ्यायच्या, नारळाचं तेल चोळायच्या, कढत पाण्याने न्हाऊ घालायच्या. बाळ रडायचं नाही. मी दारातून बघत बसायची. कारखान्यातल्या मैत्रिणींनी मला बाळासाठी लोशनच्या चार बाटल्या पाठवल्या होत्या, त्यांतलं काय काय आहे ते मला तोंडपाठ होतं. मी त्या फळीवर मांडून ठेवल्या होत्या.

बाळ दीड महिन्याचं असेल. एका सकाळी कपडे घालताना मला तिच्या पाठीवर बारीक लाल रेघा दिसल्या. तीन-चार, मांजराने हलकेच ओढल्यासारख्या. मी त्या दिवशी काही बोलले नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा दिसल्या, तिसऱ्या दिवशी पुन्हा. चौथ्या दिवशी वहिनींनी पाय पसरले तेव्हा मी बाळाला त्यांच्याकडे दिलंच नाही. म्हटलं, "वहिनी, तुमच्या हातांनी तिला ओरखडे येतात. आजपासून मी घालते आंघोळ."

वहिनींनी पसरलेले पाय जवळ घेतले, तेलाची वाटी माझ्याकडे सरकवली आणि चुलीवरचं पाणी काढून आणून दिलं.

त्यानंतर वहिनींनी माझ्या मुलीला कधी हात लावला नाही. भांडण नाही, अबोला नाही. ती रांगायला लागली, चालायला लागली, वहिनींच्या पदराशी जायची, तर त्या तिला खाऊ द्यायच्या, पण तो ताटलीत ठेवून. पडली तर मला हाक मारायच्या. सुरुवातीला मला ते बरंच वाटलं. मग वाटलं, रुसल्या आहेत, जाईल राग. मग वर्षं गेली आणि मलाच राग आला, की एवढ्याशा बोलण्याचं एवढं धरून बसायचं कशाला. माफी मागायची तर ती आता कुठल्या तोंडाने, असंही वाटे. माणूस अशा गोष्टी उद्यावर टाकतो आणि उद्या दुसरं काहीतरी निघतं.

नंतर ते मोठं वादळ आलं. वाड्यांतली सुपारीची झाडं आणि माड आडवे झाले, आमचं अर्धं छप्पर उडालं. घर पुन्हा बांधताना दोन चुली झाल्या, मध्ये भिंत आली. दीर त्याआधीच निवृत्त होऊन घरी आले होते. वादळानंतर दोन वर्षांनी ते गेले. दिवसकार्याला मी पलीकडे राबले, वहिनींच्या शेजारी बसले, पण बोललो ते चहा-साखरेपुरतं.

मी तोवर बाजारात सेवा केंद्र काढलं होतं. दाखले, पिकाच्या नोंदी, पेन्शनवाल्यांचे हयातीचे दाखले. टेबलावर अंगठ्याचं मशीन. अंगठा काचेवर ठेवायचा, हिरवा दिवा लागला की माणूस तोच आहे हे वरती कळतं. लाल लागला तर कळत नाही.

लाल दिवा कोणाला लागतो हे मला लवकरच पाठ झालं. सुपारी सोलणाऱ्या बायकांना. मासळीला मीठ लावणाऱ्यांना. सिमेंटमध्ये हात घालणाऱ्या गवंड्यांना. हरिहरेश्वरच्या लॉजमध्ये भांडी घासणाऱ्यांना. मी त्यांना सांगायचे, हात धुऊन या. मग, पुन्हा दाबा. मग, जोरात दाबा. मग, उद्या या. एखादी बाई म्हसळ्याकडच्या गावातून दोन गाड्या बदलून आलेली असायची. ती उठून जायची आणि मी पुढच्याला बोलवायचे. चार वर्षं मी कातडीत ओलावा कसा धरून ठेवायचा ह्याच कामावर घालवली होती, तरी टेबलाच्या ह्या बाजूला बसल्यावर ते माझ्या ध्यानातही आलं नाही. आज ह्याचं मला सगळ्यात जास्त वाईट वाटतं.

माघात एके दिवशी रांगेत वहिनी दिसल्या. घरी सांगितलं असतं तर मी मशीन घेऊन गेले असते, पण त्या नंबर लावून बसल्या होत्या. दिरांच्या कंपनीची पेन्शन त्यांच्या नावावर झाली होती आणि वर्षाचा हयातीचा दाखला द्यायचा होता. मोतीबिंदू वाढल्यामुळे त्यांना पाटी वाचता येत नव्हती, शेजारणीला विचारत होत्या.

उजवा अंगठा घेतला. लाल. डावा. लाल. मग एकेक करून दहाही बोटं. त्यांच्या मागे उभ्या असलेल्या माणसांनी कंटाळून मोबाइल काढले. वहिनी माझ्याकडे बघून हळू आवाजात म्हणाल्या, "माझ्या हातांचं आधीपास्नं तसंच हाय, बाय. तुला तर ठावं हाय."

त्यांच्या बोलण्यात टोमणा नव्हता. मशीनला त्रास झाला म्हणून त्या माफी मागत होत्या.

मी उठले, त्यांचा उजवा हात दोन्ही हातांत घेतला आणि अंगठा उजेडात धरला. इतक्या वर्षांत मी तो हात कधी धरला नव्हता. अंगठ्याच्या पेरावर रेषा उरल्याच नव्हत्या, नुसती जाड, चकचकीत कातडी होती आणि तिच्यात दोन खोल भेगा. बाकीच्या बोटांवर कुठे कुठे रेषांच्या खुणा होत्या, पण इतक्या कोरड्या की काचेला टेकतच नव्हत्या. मी म्हटलं, आज राहू दे, संध्याकाळी मी तुमच्याकडे येते.

मेडिकलमधून ग्लिसरीनच्या दोन बाटल्या घेतल्या. संध्याकाळी भिंतीपलीकडे गेले. कोमट पाण्यात त्यांचे हात दहा मिनिटं बुडवून ठेवायला लावले. मग नुसते टिपले, पुसले नाहीत, आणि दोन भाग पाण्यात एक भाग ग्लिसरीन मिसळून बोटाबोटाला चोळलं. वरून जुन्या धोतराच्या मऊ पट्ट्या गुंडाळल्या. सांगितलं, तीन आठवडे रोज दोनदा हे करायचं आणि तेवढे दिवस सुपारीला हात लावायचा नाही. पहिल्याला त्या तयार झाल्या. दुसऱ्याला नाही. ऐन सोलणीचे दिवस होते, वाडीवाल्याला शब्द दिला होता. मी स्वतः वाडीवाल्याकडे जाऊन सांगून आले.

पाचव्या दिवशी सकाळी त्यांनीच भिंतीवर ठोकलं. हात लाल झाले होते, भेगांतून रक्त येत होतं. आदल्या रात्री त्यांनी स्वतःच बाटलीतलं ग्लिसरीन तसंच, पाणी न घालता लावलं होतं. जास्त लावलं तर लवकर बरं होईल असं त्यांना वाटलं. माघातला पहाटेचा वारा आमच्याकडे जमिनीवरून येतो आणि कोरडा असतो. त्या वाऱ्यात निव्वळ ग्लिसरीन लावल्यावर त्याने पाणी हवेतून घेतलं नाही, वहिनींच्या हातांतूनच घेतलं. साहेबांनी सांगितलेलं मला ठाऊक होतं. वहिनींना सांगायचं मात्र राहिलं होतं.

मी त्यांना घेऊन बाजारातल्या डॉक्टरांकडे गेले. त्यांनी भेगांसाठी मलम दिलं, आणि भेगा भरल्या की जाड कातडीवर लावायला युरिया असलेलं क्रीम लिहून दिलं. युरियाही पाणी धरतो आणि निबर कातडी मऊ करतो. वहिनींनी बाहेर आल्यावर विचारलं, भाताच्या शेतात टाकतात तोच का. मी म्हटलं, जात तीच. त्या चालता चालता म्हणाल्या की शेताला जे लागतं ते माणसालाही लागत असणार, त्यात नवल काय.

त्यानंतर मी बाटली त्यांच्याकडे ठेवली नाही. सकाळी केंद्रावर जायच्या आधी आणि संध्याकाळी आल्यावर मीच जायची. अर्धा तास लागायचा. हात पाण्यात असताना काही करता येत नाही, त्यामुळे दोघी नुसत्या बसून असायचो. सुरुवातीला मी काहीबाही सांगायची, कारखान्यातलं. गोड सुपारी मऊ राहावी म्हणून तिला हेच ग्लिसरीन लावतात हे ऐकून त्या म्हणाल्या, "म्हंजे मी सोलते त्या सुपारीला मिळतं, मला न्हाय." आणि हसल्या. मला हसू आलं नाही.

दोन आठवडे होत आले होते. त्यांची डावी करंगळी माझ्या हातात होती. खाली बघतच मी म्हटलं, "वहिनी, बाळाच्या आंघोळीवरून मी तुम्हाला बोलले होते. ते मी बोलायला नको होतं. तुम्ही अजून रागावलेल्या असाल तर तो राग बरोबर आहे."

त्यांनी हात काढून घेतला नाही. म्हणाल्या, "कसला राग? मी कदी रागावलेच न्हाय."

मग त्यांनी जे सांगितलं ते असं. माझ्या आधी त्यांनाच त्या रेघा दिसल्या होत्या. त्या दिवशी त्यांनी हातांना दुप्पट तेल लावलं, दुसऱ्या दिवशी हाताला फडकं गुंडाळून न्हाऊ घातलं, तरी रेघा येतच राहिल्या. मला सांगावं तर मी बाळ काढून घेईन, न सांगावं तर बाळाला दुखेल, अशा पेचात त्या चार दिवस होत्या. मी बोलले तेव्हा त्यांना सुटल्यासारखं झालं. आणि मग भीती बसली. मुलीच्या अंगाला हात लागला की कुठे ना कुठे ओरखडा उठणार, असं त्यांच्या मनाने घेतलं. ती मोठी झाली, तिची कातडी जाड झाली, ती झाडावर चढून गुडघे फोडून यायला लागली, तरी भीती गेली नाही. जवळ आली की त्या हात पाठीमागे न्यायच्या.

"तू मला परत कदी बोललीच न्हाईस, की आता घ्या तिला," त्या म्हणाल्या. "मी वाट बघत व्हते."

मी राग समजून बसले होते, आणि त्या परवानगीची वाट बघत होत्या. सोळा वर्षं. मी पट्टी गुंडाळायचं काम पुरं केलं, कारण दुसरं काही करता येईना.

तीन आठवड्यांनी सकाळी मशीन घरीच आणलं. बोटांवर ग्लिसरीनचा थर राहिला तर काचेवर नुसता डाग उमटतो, म्हणून तासभर आधी हात साबणाने धुऊन घेतले होते. दोन्ही अंगठे लालच आले. तिथल्या रेषा गेल्या त्या गेल्याच. उजव्या हाताचं एकही बोट चाललं नाही. डाव्या हाताचं मधलं बोट दोनदा लाल आलं. त्याच्या शेजारच्या, अंगठीच्या बोटाला हिरवा दिवा लागला. सुपारी डाव्या हातात धरताना ते बोट थोडं वर राहतं, त्यामुळे वाचलं असावं. दाखला निघाला, वहिनींनी तो घडी घालून देवाच्या फळीवर ठेवला.

हात आता मऊ झाले होते. भेगा भरल्या, तपकिरी रंग फिका पडला. पण त्या खूश नव्हत्या. फाल्गुनात पाटावर बसल्या, तर पहिल्याच दिवशी तळव्याला फोड आले. पात्यावर सुपारी दाबवेना. दुसऱ्या बायकांच्या टोपल्या भरत होत्या आणि ह्या अर्ध्यावर. मला म्हणाल्या की हे हात कोणा पाव्हण्याचे असल्यासारखे वाटतात. महिनाभरात कातडी पुन्हा निबर झाली आणि त्यांची टोपली पुन्हा भरू लागली. मी क्रीम लावा म्हणून सांगते. त्या फक्त रविवारी लावतात.

माझ्या केंद्रात आता लाल दिवा लागला तर मी माणसाला लगेच परत पाठवत नाही. कोमट पाणी असतं, मिसळलेलं ग्लिसरीन असतं, बसायला खुर्ची असते. अर्ध्याअधिक लोकांचं काम होतं. काहींचं होत नाही, मासळीवाल्या एका म्हाताऱ्याचं तर महिनाभर करूनही झालं नाही, शेवटी वरच्या कचेरीत अर्ज घेऊन मीच त्याच्याबरोबर गेले. आता चेहऱ्यावरूनही दाखला होतो म्हणतात. होतोही, उजेड बरा असला तर.

माझी मुलगी आता पनवेलला नर्सिंग शिकते. ह्या गणपतीत घरी आली होती. आरती झाल्यावर मागच्या पडवीत आम्ही दोघी मोदकाची भांडी घासत होतो, आणि मी तिला हे सगळं सांगितलं. पाठीवरच्या रेघा, मी काय बोलले ते, वहिनींची भीती. मला वाटलं होतं ती रागावेल किंवा रडेल. ती भांडं विसळत म्हणाली, "मला वाटायचं काकींना लहान मुलं आवडतच नाहीत. म्हणून मी कधी गेलेच नाही त्यांच्याकडे." तिने ते अगदी साधेपणाने सांगितलं. तिच्या दृष्टीने त्यात काही हरवलेलं नव्हतं, कारण ते कधी तिला मिळालंच नव्हतं.

पलीकडून वहिनींनी प्रसादासाठी हाक मारली. ती हात पुसून गेली. ताटली घेतली असणार, दोन शब्द बोलली असणार, आणि पाच मिनिटांत परत आली. मुलीने त्यांच्याविषयी काय समज करून घेतला होता, हे मी अजून वहिनींना सांगितलेलं नाही. सांगणारही नाही.